जुना ॲनालॉग कॅमेरा नव्या एनव्हीआरला जोडता येतो का? येतो, पण आधी हे वाचा



मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा फोन आला. "अरे, जरा ऑफिसमध्ये येऊन जा. तुला त्या मोबाईलमधलं सगळं कळतं ना!" घरातलं एखादं पोरगं सतत मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेलं दिसलं की अख्ख्या बिल्डिंगचं वायफाय, टीव्ही आणि प्रिंटर त्याच्याच गळ्यात पडतात. तुमचाही अनुभव हाच असणार.

ऑफिसच्या टेबलावर एक नवा कोरा खोका उघडून ठेवला होता. आत आठ चॅनलचा एनव्हीआर. काकांनी ऑनलाइन सेलमध्ये घेतलेला. आमचा जुना डीव्हीआर दिवाळीच्या आसपास बंद पडला, कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग पार्किंगमधून एक स्कूटर गेली. पोलिसांनी फुटेज मागितलं आणि कमिटीकडे द्यायला काहीच नव्हतं. त्याआधी एकदा सायकल गेली होती तेव्हा रेकॉर्डिंग होतं, पण चोराचा चेहरा म्हणजे नुसता करडा ठिपका. वर डीव्हीआरचं घड्याळ चाळीस मिनिटं मागे.

"कॅमेरे आठही आहेत, वायरिंग आहे, फक्त डबा बदलायचा," काका म्हणाले. मग त्यांनी नवा डबा उलटा करून दाखवला. "पण ह्याला त्या गोल पिना लावायच्या कुठे?"

मागे गोल सॉकेट एकही नव्हतं. सगळी चौकोनी, राउटरला असतात तशी.

आम्ही त्या डब्याकडे बघत असताना पहिल्या मजल्यावर भाड्याने राहणारी एक ताई कुठल्यातरी पत्रावर सही घ्यायला आली. तिने विचारलं, "काका, हे आता मोबाईलवर दिसणार का? कोणाकोणाच्या?" काका म्हणाले, "कमिटीच्याच. सातजण आहोत." ती थोडं थांबून म्हणाली, "एका कॅमेऱ्यात आमचं दार दिसतं."

गोल पिनेचा प्रश्न मी दोन रविवारांत सोडवला. ताईच्या प्रश्नाचं काय करायचं, हे ठरवायला जास्त वेळ लागला. या लेखात दोन्ही सांगतो, कारण सध्या महाराष्ट्रातल्या हजारो सोसायट्या, दुकानं आणि शाळा याच वळणावर उभ्या आहेत.

हा विषय आत्ताच का?

एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेचे नवे निकष जाहीर केले. आधी ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लागू व्हायचे होते. मुदत वाढली आणि ९ एप्रिल २०२५ पासून ते लागू झाले. थोडक्यात, इंटरनेटला जोडता येणारा कॅमेरा भारतात बनवायचा किंवा आयात करायचा असेल तर कंपनीला त्याचं हार्डवेअर, सॉफ्टवेअर आणि सोर्स कोडसुद्धा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणीला द्यावा लागतो. डबा कुणी उघडून छेडछाड करू शकतं का, लॉगिन कुणाला मिळतं, डेटा एन्क्रिप्ट होऊन जातो का, हॅक करायचा प्रयत्न केला तर टिकतो का, असं सगळं बघितलं जातं.

यामागे जुनी काळजी आहे. २०२१ मध्ये तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान राज्यमंत्री, अकोल्याचे खासदार संजय धोत्रे यांनी लोकसभेत सांगितलं होतं की सरकारी संस्थांमधले सुमारे १० लाख कॅमेरे चिनी कंपन्यांचे आहेत आणि व्हिडिओ परदेशातल्या सर्व्हरवर जाण्याचा धोका आहे. अमेरिका आणि ब्रिटननेही २०२२ मध्ये काही चिनी कंपन्यांच्या कॅमेऱ्यांवर वेगवेगळे निर्बंध घातले.

दुसरीकडे कॅमेरे लावायची सक्ती वाढतेय. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या घटनेनंतर राज्य सरकारने शाळांना महिन्याभरात सीसीटीव्ही बसवायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने तर २ डिसेंबर २०२० लाच देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायचा आदेश दिला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाला हा विषय स्वतःहून पुन्हा हातात घ्यावा लागला, कारण ठाण्यांमधले कॅमेरे चालूच नसल्याच्या बातम्या येत होत्या.

म्हणजे कॅमेरे हवेत, चालू हवेत आणि नवे घ्यायचे तर निकषात बसणारे हवेत. मग माणूस आधी भिंतीवरच्या जुन्या कॅमेऱ्याकडे बघतो आणि म्हणतो, "हाच चालवला तर?"

डीव्हीआर आणि एनव्हीआर: फरक नेमका काय?

जुना ॲनालॉग कॅमेरा अगदी साधा असतो. समोर जे दिसतं त्याचा विजेचा सिग्नल करून तो जाड काळ्या कोॲक्सियल केबलमधून पाठवतो. केबलच्या टोकाला फिरवून लावायची गोल पिन, ती बीएनसी. या सिग्नलमध्ये आयपी ॲड्रेस नाही, पासवर्ड नाही, फाइल नाही. केबल थेट जुन्या टीव्हीला लावली तरी चित्र दिसतं.

डीव्हीआर दोन कामं करतो. आधी त्या सिग्नलचं डिजिटल व्हिडिओत रूपांतर करतो, मग तो हार्ड डिस्कवर साठवतो.

एनव्हीआर फक्त दुसरं काम करतो. पहिलं काम कॅमेऱ्याने आधीच केलेलं असेल असं तो गृहीत धरतो, कारण आयपी कॅमेरा म्हणजे आत छोटा कॉम्प्युटर असलेला कॅमेरा. तो व्हिडिओ स्वतःच कॉम्प्रेस करतो आणि नेटवर्कवरून पाठवतो. एनव्हीआर तो पकडून साठवतो. म्हणून त्याच्या मागे गोल सॉकेट नसतात.

जुना कॅमेरा एनव्हीआरला जोडायचा म्हणजे मधलं रूपांतराचं काम दुसऱ्या कुणीतरी करायला हवं. त्याचे चार मार्ग आहेत.

मार्ग पहिला: एन्कोडर. हा छोटा डबा असतो. एका बाजूला बीएनसी सॉकेट, दुसऱ्या बाजूला नेटवर्क पोर्ट. ॲनालॉग सिग्नल आत, आयपी व्हिडिओ बाहेर. एनव्हीआरला वाटतं समोर आयपी कॅमेराच आहे. एक, चार, आठ किंवा सोळा चॅनलचे एन्कोडर मिळतात. घेताना त्यावर 'ऑनव्हिफ' लिहिलेलं आहे का बघा. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलावीत म्हणून २००८ मध्ये सुरू झालेली ही सामायिक पद्धत आहे.

मार्ग दुसरा: हायब्रिड रेकॉर्डर. याला बाजारात एक्सव्हीआर म्हणतात. मागे गोल सॉकेटही असतात आणि नेटवर्कवरून आयपी कॅमेरेही घेता येतात. एनव्हीआर अजून विकत घेतलेला नसेल तर बहुतेकांसाठी हाच शहाणपणाचा मार्ग. काकांनी सेल लागायच्या आधी फोन केला असता तर मी हेच सांगितलं असतं.

मार्ग तिसरा: जुना डीव्हीआरच वापरायचा. बऱ्याच डीव्हीआरना नेटवर्क पोर्ट असतो आणि ते आरटीएसपी पद्धतीने व्हिडिओ बाहेर देतात. हार्ड डिस्क गेलेला डीव्हीआरसुद्धा एन्कोडरसारखा वापरता येतो आणि रेकॉर्डिंग एनव्हीआरवर होतं. पैसे शून्य. पण यात एक मोठी मेख आहे, ती पुढे सांगतो.

मार्ग चौथा: कॅप्चर कार्ड आणि कॉम्प्युटर. यूएसबी कार्डने व्हिडिओ कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा आणि सॉफ्टवेअरने नेटवर्कवर सोडायचा. घरी शिकायला मजा येते. सोसायटीत मात्र कुणीतरी पंख्याऐवजी कॉम्प्युटरचं बटण बंद करतं आणि विषय संपतो.

चौकोनी पिनेचा चकवा

एक चूक मी दोन ठिकाणी पाहिली आहे, म्हणून वेगळी सांगतो. बाजारात 'बलून' नावाचा छोटा जोड मिळतो. त्याने ॲनालॉग सिग्नल कोॲक्सियलऐवजी साध्या लॅन केबलमधून नेता येतो. काही बलूनना तर अगदी राउटरसारखं चौकोनी सॉकेट असतं. लोकांना वाटतं, आली की नेटवर्कची पिन! आणि ते थेट स्विचमध्ये खोचतात.

चित्र येत नाही, कारण केबल बदलली तरी आतला सिग्नल ॲनालॉगच आहे. फ्रीजच्या डब्यात इडलीचं पीठ असू शकतं, तसंच हे. डब्यावरून आतलं ठरत नाही. धोकाही आहे. नियमात बसणारा पीओई स्विच आधी समोरच्या यंत्राची चाचपणी करतो आणि ओळख पटली तरच वीज सोडतो. पण काही स्वस्त 'पॅसिव्ह' पीओई स्विच काहीही न विचारता वीज सोडतात. १२ व्होल्टवर चालणाऱ्या कॅमेऱ्याला ते सोसत नाही.

याच्या उलट उपयोगाची एक वस्तू आहे. जुनी कोॲक्सियल केबल भिंतीतून गेलेली असेल आणि ती उपटायची नसेल, तर केबलच्या दोन टोकांना इथरनेट-ओव्हर-कोॲक्स ॲडॅप्टर लावून त्याच केबलवर नवा आयपी कॅमेरा चालवता येतो. साधी लॅन केबल १०० मीटरपर्यंतच चालते. मोठ्या आवारात हे ॲडॅप्टर त्यापुढेही पोचतात. कधी कधी वाचवायची वस्तू जुनी वायर असते, जुना कॅमेरा नव्हे.

एन्कोडर काय देत नाही?

आता हिशेब करू, कारण दुकानदार करून देत नाही.

जुन्या साध्या ॲनालॉग कॅमेऱ्याचं चित्र डिजिटल झाल्यावर साधारण ७०४ गुणिले ५७६ पिक्सेलचं असतं. म्हणजे सुमारे ४ लाख पिक्सेल. साधा २ मेगापिक्सेलचा आयपी कॅमेरा १९२० गुणिले १०८० देतो, म्हणजे सुमारे २० लाख. एन्कोडर कितीही महाग घ्या, ४ लाखांचे २० लाख होत नाहीत. व्हॉट्सॲपवर दहा वेळा फॉरवर्ड झालेला फोटो भारी मोबाईलमध्ये उघडला म्हणून स्पष्ट होतो का? तसंच.

याचं मोजमाप आहे. सीसीटीव्हीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीनुसार अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर चित्रात दर मीटरला साधारण २५० पिक्सेल हवेत. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ चालतात. नुसतं 'कुणीतरी आलं' एवढं कळायला २५ पुरतात.

आमच्या गेटवरच्या कॅमेऱ्यात सहा मीटर रुंदीचा भाग दिसतो. ७०४ ला ६ ने भागा: दर मीटरला ११७ पिक्सेल. म्हणजे वॉचमनलासुद्धा खात्रीने ओळखता येणार नाही, चोराची तर बातच सोडा. सायकलचोराचा करडा ठिपका का आला, ते इथे कळतं. त्याच जागी २ मेगापिक्सेलचा कॅमेरा लावला तर १९२० भागिले ६, म्हणजे ३२०. ओळख पटते.

आता जागेचा हिशेब. १ एमबीपीएसचा व्हिडिओ दिवसभर साठवला तर १०.८ जीबी लागतात. जुन्या ॲनालॉग कॅमेऱ्याला साधारण तेवढा पुरतो, म्हणजे चार कॅमेरे १ टीबीच्या डिस्कवर तेवीसेक दिवस. २ मेगापिक्सेलचे चार कॅमेरे ४ एमबीपीएसने साठवले तर तीच डिस्क सहा दिवसही पुरत नाही. एच.२६५ कॉम्प्रेशन वापरलं तर साधारण दुप्पट दिवस मिळतात.

म्हणजे जुना कॅमेरा सरसकट टाकाऊ नाही. टेरेसवर कुणी गेलं का, पाण्याचा टँकर किती वाजता आला, जिन्याचं दार उघडं राहिलं का, एवढंच बघायचं असेल तर तो पुरतो आणि जागाही कमी खातो. जिथे चेहरा किंवा गाडीचा नंबर हवा, तिथे तो पुरत नाही. प्रत्येक कॅमेऱ्यासमोर उभं राहून एकच विचारा: इथे मला 'कोण' हवंय की 'कधी'?

मुका कॅमेरा नेटवर्कवर येतो तेव्हा

आता मूळ मुद्दा. ॲनालॉग कॅमेऱ्याचा एक गुण आपण कधी मोजत नाही. तो मुका असतो. त्याला आयपी ॲड्रेस नाही, म्हणून जगातला कुठलाही हॅकर थेट त्याच्यापर्यंत पोचू शकत नाही. बघायचं तर भिंतीवर चढून केबल कापावी लागेल. तो एन्कोडरमधून एनव्हीआरला जोडला आणि एनव्हीआर राउटरला जोडला, की हे संरक्षण जातं. त्यानंतर सगळी भिस्त मधल्या डब्यांवर आणि त्यांच्या पासवर्डवर.

हे भय दाखवण्यासाठी म्हणत नाही. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या मालवेअरने जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. कसे? कारखान्यातून येणारे साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्ड एकेक करून लावून बघत. बस्स. २१ ऑक्टोबर २०१६ ला या यंत्रांच्या फौजेने डाइन या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास कोलमडल्या. ज्यांचे डीव्हीआर त्यात होते त्यांना पत्ताही नव्हता.

आपल्याकडचं उदाहरण याहून वाईट आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातमधल्या राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयाच्या सीसीटीव्हीतले महिला रुग्णांच्या तपासणीचे व्हिडिओ यूट्यूब आणि टेलिग्रामवरून विकले जात असल्याचं उघड झालं. अटक झालेल्यांमध्ये महाराष्ट्रातले तरुणही होते. तपासाच्या बातम्यांमध्ये पासवर्ड काय होता तेही आलं: 'ॲडमिन' आणि पुढे १२३.

त्या बायका डॉक्टरकडे गेल्या होत्या. कॅमेरा कोणत्या कंपनीचा, रेकॉर्डर कुठला, पासवर्ड कुणी ठेवला, यातलं काहीच त्यांच्या हातात नव्हतं. आमच्या पहिल्या मजल्यावरच्या ताईच्या हातातही नाही. तिने फक्त विचारलं होतं.

सरकारचे नवे निकष चांगले आहेत. पण ते नव्या मालाला लागू होतात. तुमच्या भिंतीवर दहा वर्षं असलेला कॅमेरा आणि कपाटावर धूळ खात चालणारा डीव्हीआर तपासायला कुणी येणार नाही. प्रमाणित कॅमेरा आणला आणि त्याला सोपा पासवर्ड ठेवला, तरी प्रमाणपत्र तुम्हाला वाचवणार नाही.

तिसऱ्या मार्गातली मेख म्हणजे हीच. बऱ्याच जुन्या डीव्हीआरना कंपनीकडून आता सॉफ्टवेअर अपडेट येत नाहीत. सापडलेली भोकं तशीच राहतात. कॅमेरा जुना असला तर फक्त चित्र धूसर येतं. रेकॉर्डर जुना असेल आणि इंटरनेटला जोडलेला असेल, तर तो दाराची किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्यासारखा आहे. पैसे वाचवायचे असतील तर कॅमेऱ्यात वाचवा, डब्यात वाचवू नका.

शेवटी आम्ही काय केलं?

आठ जुन्या कॅमेऱ्यांपैकी एक मेलेलाच होता. गेटवरचा आणि लिफ्टसमोरचा, असे दोन काढून तिथे नव्या निकषांत बसणारे २ मेगापिक्सेलचे आयपी कॅमेरे लावले. जिना, टेरेस, पाण्याची टाकी आणि मागची बाजू इथले चार जुने ठेवले आणि चार चॅनलचा एन्कोडर घेतला.

एन्कोडर राउटरला लावला नाही. एनव्हीआरच्या मागे कॅमेऱ्यांसाठी जे पोर्ट असतात त्यातल्या एकात लावला. बहुतेक एनव्हीआरमध्ये या पोर्टचं आतलं नेटवर्क वेगळं असतं. त्यामुळे एन्कोडर बाहेरून थेट दिसत नाही, बाहेर तोंड फक्त एनव्हीआरचं.

इथेच माझे दोन तास गेले. एन्कोडरचा आयपी ॲड्रेस एनव्हीआरच्या आतल्या नेटवर्कच्या मालिकेत बसवावा लागतो, नाहीतर दोघं शेजारी बसूनही एकमेकांना ओळखत नाहीत. मग एनव्हीआरने एन्कोडर ओळखला, पण चारपैकी पहिलाच चॅनल दाखवला. हे बऱ्याचदा होतं. उरलेले तीन चॅनल एकेक करून, चॅनल नंबर किंवा आरटीएसपी पत्ता हाताने टाकून जोडावे लागतात. लक्षात ठेवा, एन्कोडर एकच असला तरी चार कॅमेरे एनव्हीआरचे चार चॅनल खातात.

मागच्या बाजूच्या कॅमेऱ्याचं चित्र तरीही येईना. तो नंतर कुणीतरी बसवलेला एएचडी कॅमेरा निघाला. दिसायला तसाच, पिनही गोल, पण सिग्नल वेगळा. साध्या एन्कोडरला तो कळत नाही. नशिबाने त्याच्या केबलवर छोटी जॉयस्टिक होती. ती काही सेकंद एका बाजूला दाबून धरली की कॅमेरा जुन्या साध्या सिग्नलवर येतो. अशी सोय नसेल तर एएचडी, टीव्हीआय किंवा सीव्हीआय समजणाराच एन्कोडर घ्यावा लागतो.

आठवा कॅमेरा पहिल्या मजल्यावरचा, ज्यात ताईचं दार दिसत होतं. तो आम्ही काढला. जिन्यात एक आहेच, वर-खाली जाणारा प्रत्येक माणूस त्यात येतो. मग कुणाच्या दारावर नजर कशाला?

खरी चर्चा झाली ती मोबाईल ॲपवर. सातही जणांना ते हवं होतं. खजिनदार काका तर रागावले, "मग एवढा खर्च कशाला केला?" मी एवढंच म्हटलं की सात मोबाईल म्हणजे सात किल्ल्या. त्यातला एक फोन दुरुस्तीला जातो, एक नातवाच्या हातात असतो आणि एकाला लॉकच नसतं. एनव्हीआरमध्ये प्रत्येक युजरला कोणते चॅनल दिसावेत हे ठरवता येतं. शेवटी दोघांच्याच फोनवर ॲप आलं, तेही फक्त गेट आणि लिफ्टचं. बाकीचं बघायचं तर ऑफिसमध्ये यायचं आणि वहीत वेळ, नाव आणि कारण लिहायचं. खजिनदार काका अजून माझ्याशी जरा तुटकच बोलतात.

तुम्ही आज काय तपासाल?

- रेकॉर्डरचा पासवर्ड. इन्स्टॉल करणाऱ्याने ठेवलेलाच असेल तर आज बदला. त्याच्याकडे तुमच्यासारखी अजून कितीतरी गिऱ्हाइकं असतात आणि पासवर्ड बहुधा सगळीकडे एकच.
- एन्कोडर आणि प्रत्येक आयपी कॅमेऱ्याचा पासवर्ड वेगळा असतो. नुसता एनव्हीआरचा बदलून भागत नाही.
- राउटरमध्ये रेकॉर्डरसाठी पोर्ट फॉरवर्डिंग उघडलेलं आहे का बघा. असेल तर बंद करा.
- रेकॉर्डरवरच्या क्यूआर कोडचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. बऱ्याच कंपन्यांच्या ॲपमध्ये त्यातूनच यंत्र जोडलं जातं.
- घड्याळ. एनव्हीआर वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळवतो, ती सेटिंग चालू करा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार फुटेज पुरावा म्हणून देताना प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही नोंदवावी लागते. एवढं करून वेळच चाळीस मिनिटं चुकीची असेल तर समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवेल.
- महिन्यातून एकदा मागच्या आठवड्याचं रेकॉर्डिंग उघडून बघा. स्क्रीनवर लाइव्ह चित्र दिसतं म्हणजे ते साठतंयच असं नाही. आमचा डीव्हीआर आम्हाला हेच शिकवून गेला.

परवा ती ताई जिन्यात भेटली. कॅमेरा काढलेल्या जागी भिंतीला दोन भोकं दिसतात, ती दाखवून म्हणाली, "पुट्टी मारायला सांग ना काकांना." सांगितलंय. पुढच्या रंगकामात होईल म्हणाले.